बोटीच्या वायरिंगला श्रिंक स्लीव्ह: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

बोटीतली वायर मधोमध तुटली असं क्वचितच होतं. ती जाते टोकाला. जिथे सोललेली असते, थिंबल (वायरीच्या टोकाला लावायची धातूची टोपी) बसवलेलं असतं किंवा दोन वायरी जोडून वर टेप गुंडाळलेली असते, तिथेच. वायरीच्या आत बारीक तारांचा पिळा असतो, आणि वातीत तेल चढावं तसं खारं पाणी त्या तारांमधल्या फटींतून आत चढत जातं. टोकाशी शिरलेलं पाणी कधीकधी वीतभर आत पोचतं. तांबं काळं-हिरवं पडलेलं असतं आणि वरून वायर मात्र नवी दिसत राहते.

बोटीत वीज १२ व्होल्टची, मोठ्या ट्रॉलरवर २४ व्होल्टची. इथे थोडासा रोधही महागात पडतो. समजा बिल्ज पंप, म्हणजे बोटीच्या तळाशी (बिल्जमध्ये) साचलेलं पाणी उपसणारा पंप, ५ अँपिअर घेतो आहे आणि गंजलेल्या जॉइंटमध्ये ०.२ ओहम रोध आला आहे. म्हणजे १ व्होल्ट तिथेच गेला. जॉइंट ५ वॉटने तापत बसतो आणि पंपाला ११ व्होल्टच मिळतात. पंप फिरतो, पण पाणी हवं तसं फेकत नाही. मग लोक पंपाला दोष देऊन नवा पंप आणतात आणि तो जुन्याच जॉइंटला जोडतात.

श्रिंक स्लीव्ह म्हणजे तापवली की आकसून वायरीला आवळून बसणारी प्लास्टिकची नळी. तिचं काम पाणी आणि हवा बाहेर ठेवण्याचं. जॉइंट धरून ठेवायचं काम तिचं नाही. आतलं क्रिम्पिंग, म्हणजे कनेक्टर वायरीवर दाबून केलेली पकड, ढिलं असेल तर वरची स्लीव्ह कितीही चकचकीत बसली तरी उपयोग नाही. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये तापवण्याआधीचं कामच जास्त आहे.

स्लीव्ह कोणती घ्यायची

इलेक्ट्रिकच्या दुकानात ‘श्रिंक स्लीव्ह’ मागितली की बहुतेक वेळा पातळ, एकेरी नळी हातात पडते. घरच्या पॅनेलला ती चालते. बोटीवर आतून गोंद असलेली, जाड भिंतीची घ्या; मागताना ‘ग्लूवाली’ म्हणा. ओळखणं सोपं आहे. टोक उजेडाकडे धरून आत बघा, भिंतीच्या आतल्या बाजूला निराळ्या रंगाचा, किंचित चकाकणारा थर दिसतो. हाच गोंद तापल्यावर पातळ होतो, फटी भरतो आणि थंड झाला की वायरीच्या आवरणाला धरून बसतो. एकेरी स्लीव्ह आवळते, पण चिकटत नाही. कडेने पाणी आत जातंच, आणि गेलेलं पाणी मग बाहेरही पडत नाही. टेपपेक्षा ते वाईट.

पाकिटावर २:१, ३:१ किंवा ४:१ असं छापलेलं असतं. ३:१ म्हणजे मूळ रुंदीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत आकसणारी. नवख्याने ३:१ धरावी. जॉइंट फुगीर आणि वायर बारीक, हे अंतर २:१ ला अनेकदा झेपत नाही. माप निवडताना दोन गोष्टी बघायच्या: न तापवलेली स्लीव्ह जॉइंटच्या सगळ्यात जाड भागावरून सहज सरकली पाहिजे, आणि पूर्ण आकसल्यावरचं तिचं माप वायरीच्या बाहेरच्या जाडीपेक्षा बरंच कमी असलं पाहिजे. २.५ चौरस मिमीची वायर आवरणासकट साधारण साडेतीन मिमी भरते. तिला ६ मिमीची ३:१ स्लीव्ह चालते, कारण ती २ मिमीपर्यंत जाऊ शकते. बॅटरीच्या ३५ चौरस मिमीच्या केबलला १९ मिमीची घ्या, ती ६ पर्यंत आकसते. शंका असेल तर केबलचा तुकडा आणि थिंबल खिशात घालून दुकानात जा.

डेकवर, उन्हात राहणाऱ्या जॉइंटला काळीच वापरा. काळ्या रंगातला कार्बन ऊन सोसतो. पारदर्शक स्लीव्ह केबिनमध्ये ठेवा, आणि तिचा खरा उपयोग खुणेसाठी: कागदाच्या चिठ्ठीवर ‘बिल्ज पंप’ किंवा ‘नेव्हिगेशन लाइट’ लिहून ती वायरीवर ठेवायची आणि वर पारदर्शक स्लीव्ह आकसायची. पुढच्या वेळी रात्री समुद्रात फ्यूज उडाला की या चिठ्ठ्यांची किंमत कळते.

काम सुरू करण्याआधी

आपल्या किनाऱ्यावर या कामाचा हक्काचा काळ म्हणजे १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी. बोट वर ओढलेली, शाकारलेली, हाताशी वेळही असतो. पण अडचणीही तेव्हाच्याच. वर प्लास्टिक किंवा झावळ्या, आत बर्फाच्या खणाच्या भिंतीत पफ (पेट घेणारा फोम), आणि हातात ३०० अंशांची गरम हवा. ही गरम हवा फेकणारी हीट गन शाकारणीच्या जवळ नेऊ नका आणि पेटती तर क्षणभरही खाली ठेवू नका.

आधी बॅटरीची वायर काढा, निगेटिव्ह पहिली. नुसत्या स्विचवर विसंबू नका; बिल्ज पंपाची वायर पुष्कळदा स्विच टाळून थेट बॅटरीवर घेतलेली असते. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी पेट घेतो, म्हणून चार्जर बंद करून, बॅटरीच्या खणाचं झाकण उघडून थोडा वेळ जाऊ द्या. पेट्रोलची वाफ आणि स्वयंपाकाचा गॅस, दोन्ही हवेपेक्षा जड. ते वर दरवळत नाहीत, बिल्जमध्ये साचतात. आउटबोर्डची टाकी आणि शेगडीचं सिलिंडर बोटीबाहेर काढा, बिल्ज उघडून हवा खेळू द्या आणि नाक खाली घालून वास घ्या. वास येत असेल तर त्या दिवशी तापवायचं काम नको.

जेट्टीवरून २३० व्होल्टची एक्स्टेंशन आणणार असाल तर तिच्या मागे आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. ओल्या पायांनी, ओल्या लाकडावर उभं राहून आपण हे करतो, हे विसरू नका.

पायऱ्या

१. जुनी वायर मागे कापत जा. काळं-हिरवं तांबं पॉलिश पेपरने घासून चकचकीत करायचा मोह होतो, पण आतल्या तारांपर्यंत कागद पोचत नाही. चमकदार तांबं दिसेपर्यंत दोन-दोन सेंटिमीटर कापा. वायर तोकडी पडली तर सरळ नवी ओढा, आणि नवी घेताना कल्हईची, म्हणजे टिन्ड कॉपर घ्या. ती महाग आहे, पण खाऱ्या हवेत साध्या तांब्याहून कितीतरी जास्त टिकते.

२. स्लीव्ह कापा. जॉइंटच्या दोन्ही बाजूंना वायरीच्या आवरणावर निदान १५ मिमी चढली पाहिजे. २५ मिमीचा जोडकनेक्टर असेल तर २५ अधिक ३०, म्हणजे ५५. स्लीव्ह लांबीतही थोडी आखडते, म्हणून ६० मिमी कापा. काप सरळ आणि धारदार कात्रीने घ्या. टोकाला फाटलेला धागा राहिला तर तापताना तिथूनच चीर जाते.

३. आत्ताच स्लीव्ह वायरीवर सरकवा. जॉइंट झाल्यावर ती घालायला जागा नसते आणि केलेला जॉइंट तोडावा लागतो. शिकाऊ मुलांना मी हीच पायरी मोठ्याने म्हणायला लावतो. वायर जोडण्याआधी तोंडाने ‘स्लीव्ह!’ म्हणायचं.

४. वायर सोला. सोलताना एकही तार तुटता कामा नये, म्हणून ब्लेड नको, स्ट्रिपर वापरा. लांबी अशी ठेवा की तारा कनेक्टरमध्ये पूर्ण गेल्यावर बाहेर जेमतेम मिलिमीटरभर तांबं डोकावेल.

५. रॅचेटच्या क्रिम्पिंग टूलने दाबा. रॅचेट पूर्ण दाब बसेपर्यंत सुटत नाही, हाच तिचा फायदा. पक्कडीने चेपलेलं किंवा हातोडीने ठोकलेलं थिंबल बघायला घट्ट वाटतं, पण आत तारांमध्ये पोकळी राहते.

यावर हमखास प्रश्न येतो: क्रिम्प न करता डाख (सोल्डर) दिला तर? डाख वितळून आवरणाखाली चढतो, तेवढी वायर काडीसारखी ताठ होते, आणि इंजिनाच्या थरथरीने ती नेमकी ताठपणा संपतो तिथे तुटते. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या ई-११ या मानकातही नुसत्या डाखाच्या भरवशावर जॉइंट सोडायला मनाई आहे. अपवाद फक्त बॅटरीच्या लगचा, म्हणजे मोठ्या थिंबलचा, तोही अटीवर. मी क्रिम्पवर थांबतो.

६. ओढून बघा. हाताने चांगला हिसका द्या. जॉइंट सुटायचा असेल तर आत्ताच सुटू दे. मल्टिमीटर असेल तर बॅटरी तात्पुरती जोडून पंप किंवा दिवा चालू करा आणि मीटरच्या दोन सुया जॉइंटच्या दोन बाजूंना डोकावणाऱ्या तांब्यावर टेकवा. चांगल्या जॉइंटवर काही मिलिव्होल्टच दिसतात. हे स्लीव्ह बसण्याआधीच करायचं. नंतर मोजण्यासाठी सुई वायरीच्या आवरणात खुपसली तर पाण्याला नवं दार मिळालं. मोजून झालं की बॅटरी पुन्हा काढा.

७. पुसा. बोटीतल्या वायरीवर डिझेल, ग्रीस आणि माशाच्या तेलाचा पातळ थर असतोच. गोंद त्याला धरत नाही. स्पिरिटने भिजवलेल्या फडक्याने वायर दोन्ही बाजूंना हातभर पुसा आणि स्पिरिट पूर्ण उडू द्या, नाहीतर गरम हवेसमोर ते पेटेल. पावसाळ्यात वायर हाताला कोरडी लागली तरी तारांत ओल असते. स्लीव्ह दूर सारून उघड्या जॉइंटला काही सेकंद लांबूनच गरम हवा द्या. ओल आत कोंडून वर झाकण लावायचं नाही.

८. स्लीव्ह मधोमध आणा आणि तापवा. याबद्दल जरा सविस्तर.

तापवायचं कशाने आणि कसं

हीट गन सगळ्यात चांगली. तापमान ठरवता येणारी असेल तर ३०० अंशांच्या आसपास ठेवा आणि नळीला वाकडा, चमच्यासारखा नोझल लावा. तो हवा वायरीच्या मागून फिरवून आणतो, त्यामुळे मागची बाजू कच्ची राहत नाही. स्लीव्ह साधारण १२० अंशांच्या आसपास आकसते. पण साध्या पीव्हीसी वायरीचं आवरण कायम ७० अंशांपर्यंत सोसेल एवढंच बनवलेलं असतं, म्हणून एका जागी थांबायचं नाही.

सुरुवात मध्यापासून करा. हवा जॉइंटच्या मध्यावर मागे-पुढे हलवत ठेवा. नळी आधी जराशी मऊ पडते, मग अचानक कनेक्टरच्या अंगाला बसते आणि त्याचे खांदे वरून दिसू लागतात. आता एका टोकाकडे सरका, मग दुसऱ्या टोकाकडे. आतली हवा पुढे ढकलली जाते. दोन्ही टोकांपासून सुरू केलं तर हवा मध्ये अडकते आणि फुगा राहतो. स्लीव्ह पूर्ण बसली म्हणून थांबू नका, कारण गोंद वितळायला थोडी जास्त उष्णता लागते. दोन्ही कडांना वायरीभोवती गोंदाची बारीक ओली कड बाहेर आली, आणि ती पूर्ण वळशात दिसली, की झालं. एका बाजूला कड नसेल तर तिथेच पुन्हा हवा द्या. मग हात लावू नका. गोंद घट्ट होईपर्यंत वायर वाकवली तर तो कडेने सुटतो.

गनसाठी वीज कुठून, हा बोटीवरचा खरा प्रश्न. १५०० वॉटची गन इन्व्हर्टरवर चालवायची तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून १२५ अँपिअरच्या वर जाणार. लहान बोटीची बॅटरी आणि इन्व्हर्टर, दोघांनाही ते झेपत नाही. समुद्रात किंवा वीज नसलेल्या किनाऱ्यावर ब्युटेनचा छोटा टॉर्च बरा. मात्र ज्योत थेट लावायची नाही. बरोबर येणारी गरम हवेची टोपी चढवा. टोपी नसेल तर ज्योतीपासून इतकं लांब धरा की स्लीव्हला काजळी धरणार नाही. टॉर्चला उघडी ज्योत आहे, त्यामुळे पेट्रोल आणि गॅसच्या वासाची वर सांगितलेली तपासणी इथे दुप्पट लागू.

लायटर? अडीअडचणीला, डेकवर, वारा नसताना. एक बाजू जळून तकाकी जाते आणि दुसरी कच्ची राहते, गोंद तर बहुतेक वेळा पुरता वितळतच नाही. रात्री समुद्रात दिवा लावण्यापुरतं करा, किनाऱ्याला आलात की कापून नीट करा. सोल्डरिंग आयर्नची कड फिरवून पातळ एकेरी स्लीव्ह आकसते, जाड गोंदवाली नाही. घरातला केस वाळवायचा ड्रायर बहुतेक गोंदवाल्या स्लीव्हना पुरत नाही. त्यात वेळ घालवू नका.

करपलेली, पांढुरकी पडलेली किंवा चीर गेलेली स्लीव्ह वरून दुसरी चढवून लपवू नका. काढा आणि नवी घाला.

अवघड जागा

बिल्ज पंप. पंप आणि फ्लोट स्विच (पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणारा) यांच्या वायरी कारखान्यातून तोकड्या येतात, त्यामुळे जॉइंट नेमका पाण्याच्या जागी येतो. त्या वायरी सरळ वर नेऊन, साचणाऱ्या पाण्याच्या रेषेच्या शक्य तितक्या वर जॉइंट घ्या. जॉइंटआधी वायरीला खाली एक झोळ द्या, म्हणजे वरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, जॉइंटपर्यंत जाणार नाही. स्लीव्ह चांगली बसली तरी बुडत्या जागी जॉइंट ठेवायची शर्यत लावू नये.

एका स्लीव्हमध्ये दोन वायरी. पंप आणि फ्लोट स्विचच्या जॉइंटला हे येतंच: एकीकडून एक वायर, दुसरीकडून दोन. दोन गोल वायरी शेजारी आल्या की त्यांच्यामध्ये खाच राहते. स्लीव्ह वरून ताणून बसते, खाच रिकामीच, आणि पाण्याला सरळ बोगदा मिळतो. इथे जास्त गोंदाची ४:१ स्लीव्ह घ्या. तापवून गोंद ओला असतानाच, दोन वायरींच्या मध्ये, स्लीव्हचं टोक चपट्या नाकाच्या पक्कडीने दाबून धरा. हलका दाब पुरे. गार होईपर्यंत धरून ठेवलं की भिंती एकमेकींना चिकटून खाच बुजते. टोकाकडून बघितलं तर आकडा आठसारखं दिसायला हवं.

बॅटरीचं थिंबल. काही थिंबलांच्या नळीला टोकाशी तार बघायचं छिद्र असतं, आणि तिथून पाणी आत जातं. स्लीव्ह ते छिद्र झाकून नळीच्या शेवटापर्यंत यावी, पण बोल्ट बसतो त्या चपट्या भागावर येऊ नये. इथे थिंबलाकडून सुरू करून केबलकडे जा. धातू उष्णता खातो, त्यामुळे थिंबल चांगलं तापेपर्यंत गोंद तिथे धरत नाही. गोंद चपट्या भागावर ओघळला तर गार झाल्यावर खरवडून काढा. बोल्टखाली गोंदाचा पापुद्रा राहिला तर केलेलं सगळं वाया.

दोन-तीन कोअरची केबल. सगळे जॉइंट एकाच जागी घेऊ नका, मागे-पुढे घ्या. मग प्रत्येकावर वेगळी छोटी स्लीव्ह, आणि सगळ्यावर मिळून एक मोठी. मोठी स्लीव्ह आधीच केबलवर सरकवायला विसराल, म्हणून पायरी ३ पुन्हा वाचा.

व्हीएचएफच्या, म्हणजे बोटीच्या रेडिओच्या, अँटेनाची केबल. तिच्या आतलं पांढरं पॉलिथिन उष्णतेने मऊ होतं आणि मधली तार सरकून बाजूला जाते, मग सेट बोलतो पण लांबचं ऐकू येत नाही. तापमान कमी ठेवा, थांबून थांबून तापवा, आणि डेकवरच्या कनेक्टरवर स्लीव्हच्या वर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा.

तयार कनेक्टर

आतून गोंद आणि वर आकसणारं आवरण, असे तयार कनेक्टर मिळतात: लाल १.५ चौरस मिमीपर्यंत, निळा २.५ पर्यंत, पिवळा ४ ते ६. नवख्याला हे सोपे, कारण स्लीव्ह विसरायचा प्रश्नच नाही. एवढंच बघा की क्रिम्पिंगचे जबडे गुळगुळीत असतील. दातेरी जबड्याने आवरणाला भोक पडतं आणि नंतर कितीही तापवलं तरी ते बुजेलच असं नाही. दाबताना आवरण पांढरं पडलं किंवा फुटलं तर तो कनेक्टर फेकून द्या.

मध्ये डाखाची चकती असलेल्या पारदर्शक स्लीव्हही ऑनलाइन स्वस्तात मिळतात. त्यातल्या बऱ्याच टिन-बिस्मथच्या, १३८ अंशांना वितळणाऱ्या असतात. क्रिम्प नाही, नुसता डाख, म्हणजे थरथरीचा तोच प्रश्न. मी त्या बोटीवर वापरत नाही.

जुनी स्लीव्ह काढायची झाली तर

ओढून निघत नाही. आधी हलकं तापवून गोंद मऊ करा, मग ब्लेडने स्लीव्हच्या लांबीत वरवर एक रेघ मारा. पूर्ण आरपार कापायचं नाही, खाली वायरीचं आवरण आहे. रेघेवर पक्कडीने धरून फाडा, साल निघावी तशी निघते. आवरणाला ब्लेड लागलंच तर तेवढा भाग कापून टाका आणि वायर तोकडी पडत असेल तर नवी ओढा. उरलेल्या स्लीव्ह झाकणाच्या डब्यात, उन्हापासून लांब ठेवा. केबिनच्या काचेशी राहिलेल्या पाकिटावर धूळ आणि डिझेलची वाफ बसते, आणि त्या मळक्या स्लीव्ह धरत नाहीत.